सूर्यफुलांच्या वाफ्यापाशी थांबलेली सहल: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण चार ते सहा वर्षांच्या अकरा मुलांचं आहे. सोबत दोन शिक्षिका आणि तीन पालक होते. ठिकाण होतं परागीभवनासाठी लावलेली बाग, म्हणजे मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं, पतंग आणि फुलांवर येणाऱ्या माश्या यांना मकरंद, परागकण आणि राहायला जागा मिळावी अशा बेताने निवडलेली झाडं. या बागेत येणाऱ्या गटांना फिरवण्याचं काम मी करते. या गटाची भेट सविस्तर लिहावीशी वाटली, कारण त्यातल्या पाच वर्षांच्या एका मुलाला काही महिन्यांपूर्वी मधमाशी चावली होती आणि तेव्हापासून फुलं दिसली की तो वाट बदलत होता.

शिक्षिकांचं मत होतं की त्याला त्या दिवशी वर्गातच ठेवावं. आईची घालमेल होत होती. आणावं तर तो रडेल, न आणावं तर बाकीची मुलं परत येऊन काय काय सांगतील आणि हा एकटा गप्प बसेल. मी म्हटलं, आणा, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं.

आधी विचारायचा प्रश्न

चावल्यावर नेमकं काय झालं होतं? तो घाबरला का, रडला का हे नंतर. शरीरावर काय झालं ते आधी. आई म्हणाली, तळहात सुजला, लाल झाला, खाजत होता, दोन दिवसांत उतरला. अशी सूज बहुतेकांना येते. त्याऐवजी अंगभर गांध्या उठल्या असत्या, ओठ किंवा जीभ सुजली असती, श्वास लागला असता, उलट्या झाल्या असत्या किंवा भोवळ आली असती, तर गोष्ट वेगळी होती. ती गंभीर अ‍ॅलर्जीची लक्षणं आहेत. अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय बागेत आणू नये. आणायचंच ठरलं तर डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन आणि ते देता येणारी मोठी व्यक्ती पूर्ण वेळ त्याच्याजवळ हवी.

हा प्रश्न मी सगळ्याच मुलांच्या घरी विचारायला लावला. एक तर ज्या मुलाची भीती दिसत असते त्याच्याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं, आणि ज्याला खरा धोका असतो ते मूल कदाचित बिनधास्त बागडत असतं. शिवाय कित्येक लहान मुलांना अजून एकदाही माशी चावलेली नसते, म्हणून सोबतच्या मोठ्यांना लक्षणं माहीत हवीत.

काय दाखवायचं, काय सोडायचं

शिक्षिकांनी आणलेला बेत भरगच्च होता. पूर्ण बागेची फेरी, प्रत्येक पाटी वाचून दाखवायची आणि मुलांनी हातातल्या कागदावर पाहिलेल्या कीटकापुढे खूण करायची. मी तीन जागा सुचवल्या: सूर्यफुलांचा वाफा, लिंबाचं झाड आणि उघड्या मातीचा कोपरा. मधमाश्यांची पेटी ठेवली आहे तो टोकाचा भाग मार्गातून पूर्ण वगळला.

पेटी वगळण्यामागचं कारण प्रत्येक पालकाला कळायला हवं. फुलावरच्या मधमाशीकडे त्या घडीला राखण्यासारखं काही नसतं. तिथे कुणी त्रास दिला तर ती उडून दुसऱ्या फुलावर जाते. दाबली गेली, कपड्यात किंवा बोटांत अडकली, तरच बहुधा चावते. घराजवळ तिची वागणूक पालटते, कारण आत पिल्लं आणि साठा असतो. एकीने नांगी मारली की तेव्हा सुटणाऱ्या वासाने बाकीच्या सावध होतात. म्हणून लहान मुलांना फुलांवरच्या माश्या दाखवाव्यात, पोळं किंवा पेटी दाखवू नये, हे माझं ठाम मत आहे. काचेआडची पेटी असेल तर गोष्ट निराळी.

रुईच्या कुळातली झुडपंही आम्ही लांबूनच दाखवली. काही फुलपाखरांच्या अळ्या फक्त त्यांचीच पानं खातात, त्यामुळे अशा बागेत ती हवीतच. पण त्यांचा चीक विषारी असतो आणि डोळ्यात गेला तर इजा करतो. लहान मुलांचे हात पानावरून डोळ्यापर्यंत किती चटकन जातात हे त्यांच्यासोबत राहणाऱ्यांना सांगायला नको.

वेळ सकाळच्या मध्याची ठरवली. गार सकाळी मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात, कारण उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. फार उशीर झाला की मुलंच तापतात. कपडे फिक्या रंगाचे, पायात बंद बूट, अत्तर नाही, गोड पेय नाही. बुटांचा आग्रह मी सोडत नाही. गवतातल्या फुलांवर बसलेल्या माशीवर अनवाणी पाय पडणं ही चावून घेण्याची सगळ्यात सोपी रीत आहे.

"केलं होतं"

गट फाटकाशी आला. तो मुलगा आईचा हात धरून सगळ्यांच्या मागे होता. एका पालकांनी अगदी मायेने त्याला म्हटलं, "घाबरू नकोस रे, ती काही करत नाही."

तो म्हणाला, "केलं होतं."

त्या एका वाक्यात या प्रकरणाचा गाभा आहे. आपण मुलाला धीर द्यायला जातो आणि त्याने स्वतः भोगलेली गोष्ट खोटी ठरवतो. मग पुढे आपण सांगू त्या कशावर त्याने विश्वास ठेवावा? मी त्याच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "हो, केलं होतं. कसं झालं होतं, सांगशील?" तो सांगू लागला. घसरगुंडीच्या कठड्यावर हात ठेवला, त्याखाली ती होती. मी म्हटलं, "म्हणजे ती हाताखाली चेंगरली. तिला सुटता येत नव्हतं." त्याने मान हलवली. मग सगळ्या मुलांना ऐकू जाईल असं सांगितलं: मधमाशी चावू शकते. ती चेंगरली तर चावते, तिच्या घराजवळ गेलो तर चावते. आज आपण तिच्या घराजवळ जाणार नाही आणि तिला हात लावणार नाही. तरीही कुणाला चावलीच, तर नांगी काढायला मी आहे, गार पट्टी आहे, आणि दुखणं थांबेपर्यंत आपण सोबत बसू.

हे ऐकून मुलं घाबरतील असं एका शिक्षिकेला वाटत होतं. तसं झालं नाही. एका मुलीने फक्त विचारलं, "पट्टी कुठे आहे?" मी पिशवी उघडून दाखवली. तेवढ्याने तिचं समाधान झालं.

नांगीबद्दल मोठ्यांसाठी दोन ओळी. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती कातडीत रुतून राहते आणि तिला जोडलेली विषाची पिशवी थोडा वेळ विष ढकलत राहते. म्हणून ती नखाने खरवडून काढावी की चिमटीत धरून, या वादात पडू नये. जे लगेच जमेल त्याने, लगेच काढावी. गांधीलमाशीची नांगी सहसा रुतत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा मारू शकते.

चकत्या

वाफ्यापाशी प्रत्येक मुलाला एक लाकडी चकती दिली. ती जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर उभं राहायचं. कुठे ठेवायची ते ज्याने त्याने ठरवायचं, आणि केव्हाही उचलून पुढे किंवा मागे न्यायला मोकळीक. मोठ्यांना एकच सूचना होती: कुणालाही "अजून पुढे ये" म्हणायचं नाही.

बहुतेक मुलांनी चकत्या वाफ्याला चिकटवून ठेवल्या. त्या मुलाने आपली मागच्या बाकाशेजारी ठेवली. एका धीट मुलीनेही त्याच्याजवळ ठेवली, कारण तिला बाकावर बसायचं होतं. त्यामुळे तो एकटा पडला नाही. ते आम्ही योजलेलं नव्हतं, पण फार उपयोगी पडलं.

मग आम्ही एक फूल निवडलं. सूर्यफुलाचं डोकं म्हणजे एक फूल नसून शेकडो बारीक फुलांची दाटी असते. ती काठाकडून मध्याकडे उमलत जातात. त्या दिवशीच्या डोक्यावर मध्यभाग अजून हिरवट, मिटलेला होता आणि त्याभोवती उमललेल्या फुलांचं पिवळं कडं होतं. मधमाशी त्या कड्यावरूनच चालत होती, मध्ये पाऊल टाकत नव्हती. एका मुलाने विचारलं, ती गोल गोल का फिरते? मी उत्तर दिलं नाही, भिंग त्याच्या हातात दिलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मधलं बंद आहे." मकरंद उघड्या फुलांतच मिळतो, हे त्याने स्वतः शोधलं.

माशीच्या मागच्या पायांवर नारिंगी-पिवळ्या गोळ्या होत्या. ती मधूनच फुलावरून जराशी उचलली जाई, हवेत पाय पायांवर घासत राही आणि परत बसे. अंगाला चिकटलेले परागकण विंचरून ती पायांवरच्या टोपल्यांत दाबत होती. मुलांना "परागीभवन" हा शब्द मी सांगितला नाही. एका शिक्षिकेने काळ्या कापडाचा तुकडा फुलावर हलकेच टेकवला, कापड पिवळं झालं, आणि ती पिवळी भुकटी एका फुलाची दुसऱ्या फुलाला मिळाली की बी धरतं, एवढं बोलणं झालं. पुरावा त्याच वाफ्यात होता. शेजारच्या जुन्या डोक्याची मान खाली झुकली होती आणि काठाला बिया भरलेल्या होत्या. मुलांनी दोन्ही डोक्यांना पाळीपाळीने भिंग लावलं.

मोजणीसाठी वाटी आणि मणी ठेवले होते. कुणीही पाहुणा फुलावर उतरला की एक मणी वाटीत. ब्रिटनमध्ये हौशी निरीक्षकांसाठी अशीच एक रीत चालते: पन्नास सेंटिमीटर लांबी-रुंदीचा फुलांचा तुकडा निवडायचा, दहा मिनिटं बघायचं आणि येणारे कीटक मोजायचे. पाच वर्षांच्या मुलांना दहा मिनिटं जड जातात आणि चौकटही मोठी होते. एक डोकं आणि वाळूचं छोटं घड्याळ पुरतं. वाळू संपली की पाळी बदलते आणि मण्यांमुळे आकड्यांवरून भांडणं होत नाहीत.

त्या मोजणीच्या वेळी बाकाजवळून आवाज आला, "ती हलतच नाहीये!" तो मुलगा वाफ्यातल्या कडेच्या फुलाकडे बोट दाखवत होता. तिथे एक कीटक हवेत एका जागी थांबला होता, टांगून ठेवल्यासारखा. तो झपकन बाजूला सरके आणि पुन्हा थांबे. फुलाला नाक लावून उभ्या असलेल्या मुलांना तो दिसलाच नव्हता, लांबून मात्र स्पष्ट दिसत होता. ती हॉव्हरफ्लाय होती. अंगावर मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, पण पंखांची जोडी एकच, मिशा आखूड, डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापणारे, आणि नांगी मुळीच नाही. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. ही माशी तिचा वेश घेऊन पक्ष्यांपासून बचाव करते आणि तीही परागकण वाहते.

सगळी मुलं बाकाकडे धावली, कारण ते बघायची चांगली जागा तीच होती. काही वेळाने त्याने चकती उचलली आणि वाफ्याच्या निम्म्या अंतरावर आणून ठेवली. त्या दिवशी सूर्यफुलांच्या तो त्याहून जवळ आला नाही. कुणी त्याला पुढे बोलावलंही नाही.

लिंबाचं झाड आणि पाणी पिण्याची वेळ

वाफ्यापाशीच ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. शिक्षिकेने घड्याळाकडे पाहिलं, मी मुलांकडे. आम्ही तिथेच राहिलो आणि तिसरी जागा सोडून द्यायचं ठरवलं.

लिंबाच्या झाडाच्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी होतं. लिंबूवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या कितीतरी फुलपाखरांच्या लहान अळ्या हुबेहूब तशा दिसतात आणि त्यामुळे पक्षी त्यांच्याकडे वळत नाहीत. पलीकडच्या फांदीवर मोठी, हिरवी झालेली अळी होती. फांदी जरा खाली धरली तशी तिने डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सुटला. मुलं किंचाळत मागे सरली आणि लगेच पुन्हा जवळ आली. सगळ्यांत पुढे तो मुलगा होता. अळी उडत नाही, हे त्याने आईला दोनदा सांगितलं.

एका मुलीची तक्रार होती की अळ्या झाड खराब करतायत. पानं खरंच कुरतडलेली होती. बागेला भेट देणाऱ्या मोठ्यांचीही हीच तक्रार असते, म्हणून त्यावर मी थांबले. ही पानं खाण्यासाठीच झाड लावलं आहे. नुसती मकरंदाची फुलं लावली तर फुलपाखरू येतं, पितं आणि जातं. अंडी घालायला त्याला ठरावीक झाडच लागतं. अळ्या नकोत म्हणून औषध फवारलं की पुढची फुलपाखरंही जातात.

पाणी पिताना एक गांधीलमाशी आली. नियम सांगूनही एका डब्यातून गोड सरबताची उघडी बाटली निघाली होती. दोन मुलं हात झाडू लागली. फाटकाशीच आम्ही सराव करून घेतला होता: हात अंगाशी, झाड व्हायचं, मग सावकाश चालत दूर. एकीने ओरडून "झाड!" म्हटलं आणि बहुतेक मुलं खरंच थांबली. बाटलीला झाकण लावून ती लांब ठेवली, माशी तिच्यामागे गेली. अशा बाटलीत माशी शिरली आणि घोटाबरोबर तोंडात गेली तर घशात सूज येऊ शकते, म्हणून हा नियम कपड्यांच्या नियमापेक्षा महत्त्वाचा आहे.

पण "झाड व्हा" हा सल्ला एक-दोन माश्यांपुरताच, हे सोबतच्या मोठ्यांना स्पष्ट सांगावं लागतं. पोळं डिवचलं गेलं आणि माश्यांचा थवा अंगावर आला, तर थांबायचं नसतं. तोंड झाकून पळायचं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. पाण्यात उडी मारायची नाही, माश्या वर वाट पाहतात.

एका पालकांच्या कडेवर दहा महिन्यांचं बाळ होतं. निघताना त्यांनी मध चाखायला मिळेल का असं विचारलं. मोठ्यांसाठी प्रश्न नव्हता, पण वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही मध देऊ नये. मधात बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, बाळाच्या वाढू शकतात.

नंतरची चर्चा

मुलं गेल्यावर शिक्षिकांशी बोलणं झालं. त्यांचा आक्षेप रास्त होता: एवढ्या तयारीने येऊन निम्मीसुद्धा बाग पाहिली नाही, कागद कोरे राहिले. मला कोऱ्या कागदांचं वाईट वाटत नाही. या वयाचं मूल कागदावर खूण करायला मान खाली घालतं, तेवढ्यात माशी उडून जाते. मातीत बिळं करणाऱ्या माश्या मात्र राहून गेल्या, याची मलाही रुखरुख आहे. जगात मधमाश्यांच्या 20,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या बहुतेक पोळं न बांधता एकेकट्या राहतात आणि निम्म्याहून कितीतरी जास्त जमिनीत घर करतात. त्यासाठी वेगळी भेट ठेवावी असं ठरलं.

दुसरा मुद्दा शेवटच्या भाषणाचा. एका शिक्षिकेला मुलांना सांगायचं होतं की मधमाश्या संपल्या तर सगळं जग उपाशी मरेल. मी त्यांना ते न सांगण्याची विनंती केली होती. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे 75 टक्के प्रकारांना परागीभवनासाठी प्राण्यांचा कमी-अधिक हातभार लागतो. उत्पादनाच्या वजनात मात्र अशा पिकांचा वाटा सुमारे 35 टक्के आहे, कारण गहू, तांदूळ, मका यांना कीटकांची गरज पडत नाही. फळं, बिया, कितीतरी भाज्या यांची हानी प्रचंड होईल, आणि तेवढं खरं सांगणं मोठ्यांना पुरेसं आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर जगाच्या अंताचं ओझं ठेवून त्याला माशीबद्दल जिव्हाळा वाटत नाही. ज्या मुलाशी आपण नांगीबद्दल खरं बोललो, त्याच्याशी अन्नाबद्दल वाढवून बोलायचं हेही मला पटत नव्हतं.

त्या मुलाच्या आईचा निरोप काही आठवड्यांनी आला. घसरगुंडीच्या कठड्यावर तो अजून हात ठेवत नाही. फुलझाडांजवळून जाताना आता वाट बदलत नाही, थांबून विचारतो, "हिला पंख दोन की चार?" उत्तर चार आलं तर तो दोन पावलं मागे सरतो आणि तिथून बघतो. आईला हे अर्धवट वाटत होतं. मला ते योग्य अंतर वाटतं. इतकी सावधगिरी मोठ्यांनीही बाळगावी.

तेव्हापासून सहा वर्षांखालच्या प्रत्येक गटाला आम्ही चकत्या देतो आणि एका भेटीत दोनच जागा ठेवतो. बाक होता तिथेच आहे, फक्त त्याच्यासमोरची उंच झुडपं छाटून वाफ्याकडे नजर मोकळी केली. पालकांना आधी जाणाऱ्या पत्रात अ‍ॅलर्जीचा प्रश्न सर्वांत वर असतो, त्याखाली बूट आणि बंद बाटली, आणि त्याखाली ही विनंती: "माशी काही करत नाही, असं मुलांना सांगू नका. ती केव्हा चावते ते सांगा, आणि चावली तर आपण काय करू तेही सांगा."